चार चौकटी आणि शेजारी बसलेला माणूस

कॉमिक काढायला बसलेल्या मोठ्या माणसाच्या हाती खोडरबर देऊ नका. पेन्सिलही नको. काळं जेल पेन आणि ए-४ चा कागद, बस. रबर हाती आलं की साठीतल्या काकूसुद्धा पहिलंच नाक तीनदा पुसतात, "मला नाही हो जमत" म्हणून कागद उलटा करून ठेवतात, आणि जे सांगायला आल्या होत्या ते राहूनच जातं. पेनाची रेघ पुसता येत नाही. ती आहे तशी मान्य करावी लागते आणि हात पुढे सरकतो.

मी बडोद्याच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवायचे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. पाणी ओसरल्यावर समा, फतेगंज, अकोटा या बाजूला घराघरांपुढे गाद्या, फ्रिज, दप्तरं, लग्नाचे अल्बम यांचे ढीग पडले होते. गाळ उपसून झाला, माणसं कामाला लागली, पण बोलणं एकाच वाक्याशी येऊन थांबायचं, "खूप नुकसान झालं हो." नुकसानीचा आकडा सगळे सांगायचे, त्यातली गोष्ट कोणी सांगत नव्हतं. म्हणून आम्ही शनिवारी दुपारी दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या घरी जमून कॉमिक काढायला लागलो. ती बैठक कशी घ्यायची ते इथे लिहिते. त्यासाठी पूरच यायला हवा असं नाही. दवाखान्याच्या फेऱ्या, सुटलेली नोकरी, मुलं परदेशी गेल्यावरचं घर, विषय कुठलाही असो, रीत हीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्र काढताना मन हलकं होण्याचं काम अर्धंच होतं. राहिलेलं अर्धं, शेजारी बसलेला माणूस ते पान वाचतो तेव्हा होतं. म्हणून दोन तासांची बैठक असेल तर एक तास काढायला ठेवा आणि एक तास वाचायला. बहुतेक ठिकाणी काढण्यातच वेळ संपतो, शेवटी घाईघाईने सगळ्यांची चित्रं उंच धरून फोटो काढतात आणि माणसं घरी जातात. तसं करायचं असेल तर बैठक घेऊच नका.

आठ-दहा माणसं पुरेत. बाराच्या वर गेली की दोन गट करा. वयं मिसळलेली असू द्या: एक आजोबा, दोन-तीन काकू, कॉलेजातली मुलगी, शेजारचं गुजराती जोडपं. सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसावं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची द्यावी, पण टेबलाच्या पलीकडे "सर" किंवा "बाई" म्हणून कोणी बसू नये. बैठक घेणाऱ्यानेही दर वेळी स्वतःचं पान काढायचं आणि वाचायला द्यायचं. पुरुष मंडळी सहसा येत नाहीत, आली तरी दाराशी उभी राहतात. त्यांना काम द्या: फूटपट्टीने सगळ्यांच्या चौकटी आखून देण्याचं. चौकटी आखता आखता आमच्याकडचे एक निवृत्त काका स्वतःचं पान कधी काढायला लागले ते त्यांनाही कळलं नाही.

सुरुवात हात सैल करण्यापासून. कागदाच्या मध्यावर पेन टेकवा आणि जितकं सावकाश जमेल तितकं सावकाश गोल फिरवत बाहेर या, रेघेला रेघ चिकटू न देता. गप्पा चालू असल्या तरी चालतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणाऱ्या चित्रकथाकार लिंडा बॅरी आपल्या वर्गात अशी वेटोळी काढायला लावतात. माझा अनुभव असा की पाच मिनिटांत खोलीतला आवाज खाली येतो. मग डोळे मिटून मांजर काढायला सांगा. उघड्या डोळ्यांनी सुरेख काढणाऱ्याची आणि आयुष्यात चित्र न काढलेल्याची, दोघांचीही मांजरं सारखीच वेडीवाकडी येतात, शेपटी कुठल्या कुठे जाते. सगळे हसतात, आणि "कुणाला चांगलं येतं" हा प्रश्न त्या दुपारपुरता संपतो.

माणूस कसा काढायचा हे फार शिकवू नका. डोक्याला गोल, अंगाला लांबट पिशवी, हातापायांना रेघा. चेहऱ्यावर दोन ठिपके, भुवयांच्या दोन रेघा आणि तोंडाची एक. भुवया आत झुकल्या की राग, बाहेर झुकल्या की काळजी. तोंडाची रेघ सरळ ठेवली तर तीच काळजी दाबून धरलेली दिसते. एका कागदावर नऊ गोल काढून नऊ चेहरे करून पाहिले की पुरे. माणूस ओळखू येण्यासाठी चेहऱ्यापेक्षा एखादी खूण कामाची: आजींचा अंबाडा, बाबांचा मोठ्या फ्रेमचा चष्मा, वॉचमनकाकांची टोपी. ती खूण प्रत्येक चौकटीत तशीच ठेवायची, बाकी काही बदललं तरी चालतं.

आता विषय. इथे मला सगळ्यात जास्त सावध राहावंसं वाटतं. "तुमच्यावर काय ओढवलं ते काढा" असं कधीही म्हणू नका. वस्तूपासून सुरुवात करा. घरातल्या दहा वस्तू लिहा, ज्या आता नाहीत किंवा पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. मग त्यातली मधली एखादी निवडा, सगळ्यात जड असलेली नको. सगळ्यात जड गोष्ट पहिल्या शनिवारी काढायची नसते, आणि ती कधीच नाही काढली तरी चालतं. एका काकूंच्या यादीत सोन्याच्या बांगड्या होत्या, कागदपत्रं होती, आणि आठव्या ओळीत "ह्यांची पेटी" होती. त्यांनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, निवडली.

त्या पेटीच्या चार चौकटी सांगते, कारण रीत त्यातूनच कळेल. पहिल्या चौकटीत माळ्यावरून खाली काढून ठेवलेली पेटी आणि तिच्यापुढे बसलेले काका, काकांचं नुसतं टक्कल आणि पाठ. दुसरीत भिंतीवर आडवी रेघ, रेघेखाली पाणी, पेटीचं एक टोक वर. तिसरी चौकट कोरी. चौथीत गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून ओळीने वाळत घातलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आणि फुगलेला भाता. संवाद एकच, शेवटच्या चौकटीत: "वाजणार नाही आता. असू दे."

चार चौकटींचा हा साचा आपल्याकडे भिंतीवरच्या कॉमिक्ससाठी व्यंगचित्रकार शरद शर्मा आणि त्यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने गावोगावच्या कार्यकर्त्यांसोबत रुजवला: दोन ए-४ कागद आडवे, एकाखाली एक जोडायचे, प्रत्येकावर दोन चौकटी, काळ्या शाईत, म्हणजे झेरॉक्स काढून कुठेही चिकटवता येतं. पहिल्या चौकटीत कुठे आणि कोण. दुसरीत काय झालं. तिसरीत ते किती खोल गेलं. चौथीत आता काय आहे. प्रबोधनाच्या कॉमिकमध्ये चौथ्या चौकटीत उपाय येतो, आणि तिथे तो हवाच. आपल्या बैठकीत तो मागू नका. "शेवटी काहीतरी आशादायक दाखवा ना" असं कोणी सुचवलं तर हळूच थांबवा. चौथ्या चौकटीत आज जे आहे तेच यावं, मग ती वाळत घातलेली पट्टी असो की रिकामं कपाट.

चौकटींच्या मधली मोकळी पट्टी सगळ्यांना नीट समजावून द्या. एक सेंटीमीटर रुंद ठेवा. एका चौकटीतून दुसरीत जाताना मधे काय घडलं ते वाचणारा मनात भरतो. ज्याला एखादी गोष्ट काढायची नाही, दाखवायची नाही, त्याने ती त्या पट्टीत ठेवावी. पाणी वर चढत असताना घरात कोण कोणाला काय बोललं हे काकूंनी काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण पान वाचणाऱ्या प्रत्येकाला तिथे काहीतरी होतं हे कळलं. लिहून सांगताना माणसाला वाक्याला वाक्य जोडावं लागतं, मधलं गाळलं तर "मग काय झालं?" असं विचारतात. कॉमिकमध्ये गाळणं हा सांगण्याचाच भाग आहे. मला ही कला दुःखासाठी इतकी योग्य वाटते ती मुख्यतः यामुळे.

कुणाला हे सगळं परकं वाटलं तर त्यांना रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्यात घेऊन जा. भाऊ तांबेकर हे गायकवाडांचे दिवाण. त्यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत: कृष्णाच्या लीला, महाभारतातले प्रसंग, लढाया. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. चित्रं कप्प्याकप्प्यांत विभागलेली आहेत. मुलांना तिथे एकच काम सांगते: एकच माणूस किती ठिकाणी दिसतो ते शोधा आणि तो कशावरून ओळखलात ते सांगा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथीही एकामागून एक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगत आले आहेत. चित्र दाखवायचं आणि सोबत बसून सांगायचं, ही आपल्या घरची रीत आहे.

अक्षरांकडे नवखी माणसं दुर्लक्ष करतात आणि मग पान वाचताच येत नाही. आधी शब्द लिहायचे, मग त्यांच्याभोवती फुगा काढायचा. उलटं केलं की शेवटचे दोन शब्द फुग्याच्या कडेला चिरडतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. ओळ लिहून झाल्यावर शिरोरेषा एका दमात ओढा, पण शब्दाशब्दात ती तोडा, नाहीतर सगळी ओळ एकच शब्द दिसते. एका फुग्यात दहा-बारा शब्दांहून जास्त नको. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे आणि वर. आमच्या पानांवर आजी मराठीत बोलतात आणि शेजारच्या बेन गुजरातीत, दोन्ही लिप्या एकाच चौकटीत येतात. तसंच राहू द्या, भाषांतर करू नका. बडोद्यातल्या घरात जसं बोलणं होतं तसंच पानावर यावं.

निळी शाई झेरॉक्समध्ये पुसट येते, म्हणून काळीच वापरा. कागदाच्या चारी बाजूंना एक सेंटीमीटर समास सोडा, मशीन कडा खातं.

मुलांविषयी. मुलांना पूर काढायला सांगायचा नाही. त्यांना कोरा कागद द्या, ती आपोआप मगर काढतात. विश्वामित्रीत मगरी आहेतच, त्या पुरात त्या वस्तीतही आल्या होत्या. ज्यांनी मगर डोळ्यांनी पाहिली नाही त्या मुलांच्या पानांवरही ती आली: सोफ्यावर बसलेली, लिफ्टची वाट पाहणारी, शाळेचा डबा खाणारी. "मगरीला काय हवं होतं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. एका मुलाने लिहिलं होतं, "तिचं पण घर भरलं होतं पाण्याने." मोठी मुलं जपानी कॉमिक्ससारखे मोठे डोळे काढतात, काढू द्या. ती शैली त्यांनी स्वतः निवडलेली आहे.

आता वाचन, म्हणजे बैठकीचा गाभा. दोघा-दोघांच्या जोड्या करा, नवरा-बायको किंवा आई-मुलगी एका जोडीत नको. पानं बदला. दुसऱ्याचं पान आधी डोळ्यांनी, मग मोठ्याने वाचायचं, चित्रासकट: "इथे एक बाई पाठमोरी उभी आहे, हातात झाडू, फुगा नाही." काढणाऱ्याने गप्प बसून ऐकायचं. आपली गोष्ट दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना माणसांचे चेहरे बदलतात, ते मी दर वेळी पाहते. वाचून झालं की वाचणाऱ्याने फक्त काय दिसलं ते सांगायचं: "मला या चौकटीत सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं." एक प्रश्न विचारायला मुभा आहे, उत्तर द्यायची सक्ती नाही.

काही वाक्यांना बंदी आहे आणि ती मी आधीच फळ्यावर लिहून ठेवते. "झालं गेलं गंगेला मिळालं." "जे होतं ते भल्यासाठीच होतं." "आमच्याकडे तर छातीपर्यंत होतं." "तुम्ही विमा का नाही काढला?" ही वाक्यं चांगल्या मनाने येतात, पण ती आली की समोरचा माणूस मिटतो. कोणी बोललंच तर रागावू नका, फळ्याकडे बोट दाखवा. दोन-तीन शनिवारांत माणसं एकमेकांना स्वतःच दाखवायला लागतात.

दोन तास झाल्यावर वीसेक मिनिटं कागद बाजूला ठेवून चहा, आणि शक्य असेल तर सेवउसळ किंवा घरचं काहीतरी. हे पाहुणचारापुरतं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या कठीण अनुभवांवर लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, फायदा पुढच्या महिन्यांत दिसला, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तो प्रयोग लिहिण्याचा होता, चित्रांचा नव्हता, पण त्यातून एक गोष्ट मी घेतली: जड पान काढलेल्या माणसाला लगेच रिक्षात बसवून पाठवायचं नाही. तो पुन्हा भाजी, गॅस, नातवाची शाळा यांविषयी बोलायला लागेपर्यंत सोबत बसायचं.

ही बैठक म्हणजे उपचार नाही, आणि आपण डॉक्टर नाही. कोणाला झोप लागेनाशी झाली असेल, तीच चौकट आठवड्यामागून आठवडे काढली जात असेल, पेन धरताना हात थरथरत असतील, तर त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की डॉक्टरांना भेटूया, मी सोबत येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठी आणि गुजरातीतही बोलता येतं. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम ठेवा. जगण्याचा कंटाळा आल्याचं कोणी पानावर किंवा तोंडाने सांगितलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा. आजारपणावरच बैठक घ्यायची असेल तर ‘ग्राफिक मेडिसिन’ या नावाखाली पुष्कळ काम पाहायला मिळेल. ब्रिटनमधले डॉक्टर आणि चित्रकथाकार इयन विल्यम्स यांनी २००७ मध्ये हे नाव दिलं, आणि रुग्ण, परिचारिका, डॉक्टर असे सगळेच त्यात काढतात.

पान कोणाचं, याचं उत्तर पहिल्याच दिवशी द्या: काढणाऱ्याचं. आम्ही तीन टोपल्या ठेवतो. एकीत घरी न्यायची पानं, दुसरीत फक्त या खोलीत वाचायची, तिसरीत भिंतीवर लावायची. दर आठवड्याला टोपली बदलता येते, पान फाडून टाकायलाही परवानगी आहे. तिसऱ्या टोपलीतल्या पानावरही शेजाऱ्यांची नावं, फ्लॅटचे नंबर, मुलांच्या शाळेचं नाव ठेवायचं नाही. सासू-सुनेचं भांडण काढलं असेल तर सुनेच्या साडीचा काठ तरी बदला. न विचारता व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा नाही, हा नियम मोडणाऱ्याशी मी कडक वागते.

भिंतीवर लावताना ए-४ पान १४१ टक्के मोठं केलं की ए-३ होतं, झेरॉक्सवाल्याला एवढंच सांगा. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात. मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला एक रांग, मुलांसाठी खाली एक. सोसायटीचा जिना, वाचनालयाचा ओटा, गणपतीचा मंडप, या जागा उत्तम. मंडपात तर आरतीच्या आधी माणसं रेंगाळतच असतात. काढणाऱ्यांनी आपल्या पानाजवळ नाव न सांगता उभं राहावं आणि लोक काय बोलतात ते ऐकावं. "अरे, आमच्याकडेही असंच झालं होतं" हे वाक्य इथे चालतं, कारण इथे ते पानाला उद्देशून येतं.

छोटी पुस्तिका करायची असेल तर एका ए-४ मध्ये आठ पानं बसतात. कागद दुमडून आठ सारखे खाने पाडा, उघडा. मग आखूड कडा जुळवून अर्धा दुमडा आणि घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर एका खान्याएवढा काप द्या. उघडल्यावर मध्यावर दोन खान्यांची चीर दिसेल. आता लांब कडा जुळवून दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडते आणि पानं एकमेकांवर बसतात. आधी कोऱ्या कागदाची पुस्तिका करून पानांवर आकडे टाका, मगच उघडून चित्रं काढा, कारण उघडल्यावर एक रांग उलटी येते. पान साडेसात बाय साडेदहा सेंटीमीटरचं होतं, ब्लाउजच्या खणाबरोबर पिशवीत सहज मावतं.

सयाजीरावांच्या काळात, १९१० पासून, बडोदा संस्थानात ग्रंथालयांची जी चळवळ उभी राहिली तीत लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरत असत. आम्ही तेच करतो. एका पत्र्याच्या डब्यात वीसेक पुस्तिका, चार काळी पेनं आणि थोडे कोरे कागद भरून डबा एका घरून दुसऱ्या घरी जातो. ज्याच्या घरी डबा असेल त्याने पुढच्या शनिवारची बैठक घ्यायची: वेटोळं त्याने सांगायचं, फळ्यावरची वाक्यं त्याने लिहायची, जोड्या त्याने लावायच्या. मी तेव्हा सतरंजीवर इतरांसारखीच बसते. बैठक घेणाऱ्याला आदल्या दिवशी फक्त तीन गोष्टी विचारते: झेरॉक्सचं दुकान शनिवारी उघडं आहे ना, चहाला कोण आहे, आणि गेल्या वेळी जड पान कोणी काढलं होतं, त्यांना फोन केलास का.